तानाबाईची पंगत कुणी मोडली

पिंपरीच्या रेल्वे फाटकापलीकडे तानाबाईची खाणावळ होती. ती चालेना म्हणून बंद पडली, असं कारखान्यातली माणसं आता सांगतात. साफ खोटं आहे. खाणावळ उत्तम चालली होती. चाळीस माणसांनी मिळून ती बंद पाडली आणि त्या चाळीसांत मी एक होतो. हे सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. दुसऱ्यांवर जाते तेवढीच स्वतःवरही जाते.

तानाबाईचं माहेर चाकणजवळच्या एका वाडीतलं. लग्न होऊन ती पिंपरीच्या गेनूच्या घरी आली तेव्हा तेरा वर्षांची होती. गेनूची पवना नदीच्या अंगाला चार एकर जमीन. बाजरी, हुलगा, थोडा कांदा. त्रेपन्न साली तिथे कारखाना उभा राहायचा ठरला आणि जमीन गेली. गेनू मुळातच मुखदुर्बळ. जमीन गेल्यावरही तो पहाटे उठून बांधाच्या जागी जाऊन उभा राहायचा आणि चौकीदार त्याला हाकलायचा. तानाबाईने आठ दिवस हे पाहिलं. मग होतं नव्हतं ते घालून तिने रस्त्याकडेला पत्र्याची शेड ठोकली, तीन चुली मांडल्या आणि नवऱ्याला सांगितलं की उद्यापासून सरपण आणि पाणी तुमच्याकडे. कारखाना बांधायला गावोगावची माणसं येत होती, ती कुठेतरी जेवणारच होती. त्या शेडीशिवाय नवराबायकोला जगायला दुसरं काही उरलेलं नव्हतं.

ती उंच, काळी, हाडापेराने मजबूत बाई होती. आवाज असा की शेताच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा बैल थांबावा. बाजरीची भाकरी, आमटी, ठेचा, शनिवारी हुलग्याची शेंगोळी. ताटात कुणी टाकलं तर ती सगळ्यांदेखत झाडायची, मग तो मुकादम असो की बिगारी. मी गेटावर हजेरी लिहायचो, जुन्नरहून एकटाच आलेला. पहिल्या पावसाळ्यात मला हिवताप आला तेव्हा तिने नऊ दिवस गेनूच्या हाती माझ्या खोलीवर हुलग्याचं पातळ माडगं पाठवलं. बरा होऊन आभार मानायला गेलो तर म्हणाली, आधी जेवा, वाळून काटकी झालाय.

तिच्या खाणावळीची एक रीत होती. ताट ज्याचं त्याने आणायचं, जेवल्यावर त्यानेच घासायचं आणि फळीवर आपल्या जागी उभं करून ठेवायचं. बहुतेकांची ताटं घरून आणलेली, लग्नात मिळालेली, त्यामुळे काठावर नावं घातलेली. तानाबाईला अक्षरओळख नव्हती. ती ताटं ओळखायची ती पोच्यावरून आणि रंगावरून. पण तिला ओळखायची वेळच येत नसे, कारण प्रत्येकजण आपलं ताट आपण घेऊन बसे. दुसऱ्याच्या ताटावर काय लिहिलंय हे पाहायचं कुणाला कारण नव्हतं आणि वाचता येणारे आम्ही होतो तीन-चार.

मला सगळे मास्तर म्हणत. मी कधी शाळेत शिकवलं नाही, पण जेवण झाल्यावर सगळ्यांची पत्रं मीच वाचून दाखवायचो. वर्तमानपत्रही वाचायचो. मोठ्याने, ठासून, शेवटच्या सहीपर्यंत. खरं सांगायचं तर मला त्यात फार मोठेपणा वाटायचा. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला, ती बातमी मीच त्या शेडीत वाचली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. दौलतराव तर म्हणाला की झालं ते बरं झालं, जग पुढे चाललंय. हा दौलतराव म्हणजे पायाच्या कामावरचा मुकादम, साताऱ्याकडचा, शब्दाला वजन असलेला माणूस. त्याच्या हाताखाली तीस गडी होते आणि ते सगळे तानाबाईकडेच जेवत.

भैरू आला तो पंचावन्न साली, परांड्याकडून. सिमेंटच्या गोण्या उचलायचा. कमी बोलायचा, खाली बघून जेवायचा, ताट मात्र लखलखीत घासायचा. काशाचं जड ताट होतं ते, आमच्या सगळ्यांच्या ताटांहून देखणं. गाव कोणतं विचारलं तर परांडा सांगायचा आणि त्यापुढे कुणी विचारलं नाही. तानाबाईला मात्र त्याने पहिल्याच दिवशी शेडीबाहेर उभं राहून आपली जात सांगितली होती आणि बाहेर बसू का म्हणून विचारलं होतं. भाकरी गार होतीय, आत बसा, एवढंच ती म्हणाली होती. हे आम्हाला पुढे कळलं. दीड वर्ष तो आमच्या पंगतीत जेवला आणि कुणाच्याही पोटात कधी दुखलं नाही.

छप्पन सालची नागपंचमी आली. त्या दिवशी चुलीवर तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, तळायचं नाही, हे तानाबाई कडक पाळायची. तिने पहाटेपासून पुरणाची दिंडं उकडली. एरवी भाकऱ्या गरम गरम उतरतील तसे आम्ही पाच-दहाच्या घोळक्याने जेवत असू. आज सगळं आधीच तयार होतं, म्हणून चाळीस जणांची एकच पंगत बसवायची तिने ठरवलं. सणाच्या दिवशी माणसं आपल्या घरापासून लांब आहेत, त्यांनी आज ताटं हातात घेऊन उभं राहू नये, असं तिच्या मनात आलं. तिने स्वतः शेड सारवली, रांगोळी घातली आणि फळीवरची ताटं काढून दोन रांगांत मांडली. हाताला येतील तशी मांडली. बाईने आम्हाला पाहुण्यासारखं वागवलं, यापलीकडे तिचा काही गुन्हा नव्हता.

आम्ही आलो आणि जागा मिळेल तिथे बसलो. समोरचं ताट आपलं नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात आलं, थोडी थट्टा झाली. तिने दिंडं वाढली, वर तुपाची धार धरली. दौलतरावाने दोन दिंडं संपवली, तिसरं घेतलं आणि ताटाचा काठ बोटाने वाजवून पाहिला. ताट त्याला फारच आवडलं. असं कासं आता मिळत नाही म्हणाला आणि तुपाची धार पुसून ते माझ्याकडे कलतं केलं. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. कुणाचं आहे वाचा बरं मास्तर, त्याला विचारून असलंच एक घडवून घेतो, म्हणाला.

मी वाचलं. नेहमीसारखं, मोठ्याने, ठासून. "चिरंजीव भैरू याचे लग्नात समस्त महारवाडा, मुक्काम मौजे..." गावाचं नावही मी वाचलं. "लग्नात" या शब्दाशी थांबता आलं असतं. चष्मा विसरलो म्हणता आलं असतं. पण वाचायला मिळालं की या गाढवाला शेवटच्या अक्षरापर्यंत गेल्याशिवाय चैन कुठे पडत होतं! वाचून झाल्यावर मला अर्थ कळला.

दौलतराव उठला. शेडीच्या कडेला गेला आणि घशात बोटं घालून त्याने ते सगळं ओकून टाकलं, तिच्या रांगोळीवर. मग परत येऊन त्याने तानाबाईला विचारलं की तुला हे ठाऊक होतं का. तिने नाही म्हणावं, असं मला जीव तोडून वाटत होतं. एक "नाही" पुरे होतं. बाईची फसवणूक झाली म्हणून सगळ्यांनी तिला माफ केलं असतं, भैरूला हाकललं असतं आणि दुसऱ्या दिवशी भाकरीला आले असते. ती हातातलं तुपाचं भांडं खाली न ठेवता म्हणाली, "व्हय. पयल्या दिसापासनं ठावं हाय. त्यानंच सांगितलं. तुमी कुणी तुमची सांगितली न्हाई, म्या इचारली न्हाई."

माणसं एकेक करून उठली, त्यांच्याबरोबर मीही उठलो. भैरूच्या पुढ्यात दुसऱ्याच कुणाचं ताट होतं. तो खाली मान घालून बसून राहिला.

संध्याकाळी दौलतरावाने गेनूकडे निरोप धाडला. शेडीत गोमूत्र शिंपडायचं, देवाला नारळ फोडायचा, ते ताट बाहेर काढायचं आणि भैरू यायचाच असला तर त्याने अंगणात लिंबाखाली बसायचं. एवढं केलं की आम्ही आलो. मोठी मेहेरबानीच की! गेनूला ते पटलं. तो बिचारा रडला, म्हणाला की जमीन गेली, आता ही शेड गेली तर आपण कुठे उभं राहायचं. तानाबाई नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती, त्या दिवशी गेली. आपल्या हातच्या अन्नाला विटाळ झाला, हे आपल्याच तोंडाने आपण म्हणायचं नाही, असं तिने सांगितलं. शिंपडलं म्हणजे कबूल केलं.

भैरू स्वतः दुसऱ्या दिवशी ताट न्यायला आला. माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय नको म्हणाला आणि परत यायचा नाही म्हणून शब्द देऊन गेला. तरी दौलतरावाचं समाधान झालं नाही. त्याला शेड शुद्ध करून हवी होती, म्हणजे त्याला ती बाई वाकलेली पाहायची होती. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात ही, दुसरी कसली जात यांना नाही. चाळिसाचे अकरा झाले, अकराचे चार. शिजवलेलं उरायला लागलं. ती तरीही रोज तेवढीच चूल पेटवायची आणि दुपार टळेपर्यंत रस्त्याकडे बघत बसायची.

मी? मी आणखी आठ दिवस गेलो. मग एकदा गेटावर दौलतरावाने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय मास्तर, अजून तिथंच का. बस, तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून माझं पोट बिघडलं. तानाबाईला मी तसा निरोपही धाडला. तिने पुन्हा माडगं पाठवलं आणि मी ते गेनूसमोर प्यालोही. लाज वाटायला हवी होती, ती माझ्याकडे त्या दिवशी नव्हती.

दिवाळीच्या आधी शेड मोडली. ताटं न्यायला दौलतरावाची माणसं स्वतः आली नाहीत, त्यांनी कुणाकुणाला धाडलं. तानाबाईने प्रत्येक ताट पुन्हा एकदा राखेने घासून दिलं. गेनू त्यानंतर फार काळ जगला नाही. तिला मूलबाळ नव्हतं, ती चाकणला भावाकडे गेली.

अठ्ठावन्न साली कारखान्याने कॅन्टीन काढलं. तोवर बांधकामावरची बरीच माणसं कारखान्यातच नोकरीला लागली होती. मोठं, लांब बाकड्यांचं, वर पंखे. अॅल्युमिनियमच्या ताटांची चळत दाराशी, वरचं उचलायचं आणि रांगेत उभं राहायचं. कोण कुणाच्या ताटात काल जेवला, हे ब्रह्मदेवाला ठाऊक नाही. कंपनीने नियमच केला की जागा राखून ठेवायची नाही. पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं की दौलतराव एका बाकड्यावर बसलाय आणि त्याच्या शेजारी भैरू. दौलतरावाने त्याच्याकडे मिठाची वाटी सरकवली. दोघे जेवले, दौलतराव ढेकर देऊन उठला आणि नळावर जाऊन चूळ भरली. घशात बोटं घातली नाहीत. साहेबाचं कॅन्टीन ना ते! तिथे ओकलं असतं तर नोकरी गेली असती.

माझं डोकं फिरलं. दोन रात्री झोप लागली नाही आणि रविवारी मी एसटी पकडून चाकणला गेलो. तानाबाई कांद्याच्या वखारीत दिसली. पंधरा-वीस बायांच्या ओळीत बसून बारीक-मोठा कांदा निवडत होती. केस पांढरे झाले होते, कपाळ मोकळं. मला तिने लगेच ओळखलं आणि बसायला पोतं पुढे केलं.

मी सगळं सांगितलं. कॅन्टीन, बाकडं, मिठाची वाटी. दौलतरावाला मी शिव्या घातल्या, त्याच्या गड्यांना घातल्या. तिलाही राग येईल, ती तिच्या त्या जुन्या आवाजात चार शब्द बोलेल आणि आम्ही दोघे मिळून त्याचा उद्धार करू, असं मला वाटलं होतं. ती कांदे निवडत ऐकत राहिली. भैरू बरा हाय का, एवढं तिने मध्ये विचारलं.

माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "दौलतरावाचं मला काय न्हाई. त्यो तसाच हुता. पर मास्तर, तुमी का उठला?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

"सगळे उठले, म्हणून उठलो."

"सगळे न्हवते उठले," तानाबाई म्हणाली. "भैरू जेवत हुता. म्या त्याला वाढत हुते."

तिच्या शेजारच्या बाईने पाटी पुढे सरकवली, तसा तानाबाईने त्यातला कांदा निवडायला घेतला.