सहीची कोरी जागा

बाळारामदादा गेल्याचं पोस्टकार्ड हाती पडलं तेव्हा त्यांचं दहावंही उरकलं होतं. खरं सांगतो, आधी मला सुटल्यासारखं वाटलं... आणि लगेच स्वतःची किळस आली.

उपग्रहानं पाठवलेल्या ढगांच्या चित्रांवरून समुद्रावरचं हवामान ओळखायचं, हे आमचं काम. यंत्रातून चित्र एकेक रेघ उमटत बाहेर यायचं. त्यावर अक्षांश-रेखांशांची पारदर्शक जाळी बसवायची, वादळ कुठे आहे ते सांगायचं आणि कोपऱ्यात वेळ लिहून सही करायची. दादा माझे वरिष्ठ, भिवंडीहून यायचे. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी, आणि एखाद्या ढगाबद्दल शेजाऱ्यासारखं बोलायचे, "हा आज रुसलाय." मला नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले, पण तोरा केवढा! जाळी बसवताना उपग्रह वरून गेल्याची वेळ दोनदा ताडून बघ, भर समुद्रात ताळा करायला किनारा नसतो, असं ते रोज बजावायचे. मी मान डोलवायचो.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी ती वेळ अर्ध्या मिनिटानं चुकीची धरली. वादळ दोन अंश दक्षिणेला दाखवलं गेलं आणि उत्तरेकडच्या बंदरांना इशारा उशिरा पोचला. एक होडी फुटली. त्यातली माणसं फळ्यांना धरून दोन दिवसांनी किनाऱ्याला लागली, नशीब त्यांचं आणि माझंही. चौकशीत दादांनी साहेबांना सांगितलं, "चित्र मीच पाहिलं." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुझी नोकरी कच्ची हाय, माझी पक्की. कायम झालास की तूच जाऊन सांग."

सहा महिन्यांनी मी कायम झालो. पेढे वाटले. सांगितलं मात्र नाही. दादांना तोवर जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलं होतं, त्यांच्या खुर्चीवर मी. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. भेटले की म्हणायचे, एकदा घरी ये. त्या गोष्टीची एका शब्दानंही आठवण करून दिली नाही... चारचौघांत झापलं असतं तर परवडलं असतं.

गेल्या रविवारी भिवंडीला गेलो. शेजारी कापडाच्या लूमचा खडखडाट, त्यामुळे वहिनी मोठ्यानं बोलत होत्या. भिंतीवर कॅलेंडरशेजारी खिळ्याला त्या वादळाचं तेच चित्र. वेळ माझ्या अक्षरात. घाईत मी सही केलीच नव्हती, आणि ती जागा दादांनीही कोरी ठेवली होती.

"रद्दीत जात होतं, ते यांनी आणलं," वहिनी म्हणाल्या. "मी विचारलं, सही का न्हाय? तर म्हणाले, ज्याची हाय तो येईल करायला."

तो कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी चित्र खाली काढलं, खिशातलं पेन काढून सही केली. वहिनी बघत राहिल्या. मग त्यांनी ते परत खिळ्याला लावलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.