नंदाबाईच्या गुडघ्याचा फॉर्म

वडिवळ्याच्या नंदाबाईनं तीस वर्षं भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, केली. घोटाभर चिखलात वाकून, मागं मागं सरत. कुणाच्या खाचरात कधी उतरायचं, हे बायकांच्या टोळीत तीच ठरवायची.

गुडघ्यांचा आजार सुरुवातीलाच हेरावा म्हणून गावच्या शाळेत दर उन्हाळ्यात शिबिर भरायचं. शहरातली माणसं यादीतल्या त्याच गावकऱ्यांना दरसाल तपासायची. ज्याला दुखतं असं निघेल, त्याचीच पुढची तपासणी. प्रश्न ठरलेले.

"जिना चढताना दुखतं का?"

"न्हाई," नंदाबाई म्हणायची. दुखेल कुठून? तिच्या घराला जिनाच नव्हता!

"बागेत फिरताना?"

"न्हाई."

झालं, गुडघा उत्तम! अशी तीन वर्षं गेली. चिखलातून पाय उपसताना काय होतं, हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. आणि साहेबानं विचारलं तेवढंच बोलायचं, हे नंदाबाईचं वळण. तेच तिला नडलं.

गेल्या आवणीत गुडघा नारळाएवढा सुजला. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, "मावशी, दोन हाडांमधली कूर्चा, म्हणजे गादीच, पार झिजलीय. सुरुवातीला कळलं असतं तर व्यायामानं सांभाळता आलं असतं. आता खाचरात उतरायचं नाही."

नंदाबाई रडली नाही. तिचं डोकं फिरलं. यंदाचं शिबिर भरलं तशी ती काठी टेकत शाळेत गेली. टेबलापाशी रेणुका नावाची तरुण डॉक्टर होती आणि समोर नंदाबाईचीच सून, माधवी.

"जिना चढताना..." रेणुकानं माधवीला विचारायला सुरुवात केली.

नंदाबाईनं फॉर्मवर हात आपटला. "ह्याच प्रश्नापायी माझा पाय गेला! हितं कुणाच्या घरी जिना हाय? लिव्हा, चिखलातनं पाय उपसताना कळ येती का?"

रेणुका गोरीमोरी झाली. "मावशी, प्रश्न वरून ठरून येतात."

"मग त्यास्नी म्हणावं, एकदा खाचरात उतरा!"

रेणुकानं फॉर्मच्या कडेला तो प्रश्न लिहिला आणि माधवीला विचारला.

माधवीनं मान खाली घातली. "व्हय. दोन आवण्या झाल्या."

"दोन?" नंदाबाई कडाडली. "एका घरात ऱ्हातो आपण! मला का न्हाई सांगितलंस?"

"आत्याबाई," माधवी हळूच म्हणाली, "तुमी तरी कुटं इचारलं?"