आरशातल्या माणसाबद्दल

ऐंशीच्या दशकात, ह्यूस्टनला नवी असताना, मी ह्यांच्याबरोबर एका काळ्या माणसाच्या सलूनमध्ये गेले. नातवंडांनो हसा, पण तुमची आजी पर्स छातीशी घट्ट धरून बसली होती. खुर्चीतल्या काळ्या गिऱ्हाइकाची नोकरी गेली होती; तो तिथूनच इंटरव्ह्यूला निघाला होता. केस कापून झाले, तरी सलूनवाला त्याच्या अंगावरचं कापड काढेना.

"आरशातल्या माणसाबद्दल काहीतरी चांगलं बोला, सर. मगच सोडतो."

मला वाटलं, भांडण जुंपलं. गिऱ्हाइकाने आरशातून नजर खाली वळवली. शेवटी तो पुटपुटला, "मी कामाचा माणूस आहे."

"असं पुटपुटलात तर तिथल्या साहेबाला ऐकू जाईल का?"

तो मोठ्यांदा बोलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते न कळताच मीही वाजवल्या.

मग हे खुर्चीत बसले आणि माझ्याकडे वळून कुजबुजले, "अगं, मी काय सांगू?"

मलाही पटकन काही सुचेना.