बारा चिंचोके आणि ऐंशी पावलं

शंभर पावलं झाली की त्याच्या डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. बोलताना, बिडी ओढताना, अगदी कुणाच्या मयतीला चालला असला तरी. मग तो थांबून सांगायचा, "घरापासून इथवर सातशे वीस मीटर. उगं सांगत न्हाई, मोजलंय." कुणी विचारलेलं नसायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला खरं सांगायची खोड असते आणि चहाच्या वेळी लोक ज्याच्यापासून जरा लांब बसतात.

पाटोद्याकडच्या रस्त्यावरच्या आमच्या सहकारी साखर कारखान्यात तो स्लिपबॉय होता. ज्यांना कारखान्याची हवा लागली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाच्या फडावर उभं राहायचं, कुणाचा ऊस तुटला, कुठल्या गाडीत भरला हे बघायचं आणि चिठ्ठी फाडून द्यायची, हे स्लिपबॉयचं काम. वय अठ्ठेचाळीस, मिशा पांढऱ्या, लेकीची दोन पोरं अंगाखांद्यावर, पण हुद्दा बॉय. वर हंगामी. बॉयलर पेटला की हजर, विझला की घरी. असे एकोणीस हंगाम त्यानं काढले होते. मी मात्र कायम. टाइमकीपर. लोक किती वाजता आले हे मी लिहायचो. आल्यावर ते काय करतात, हे लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता.

त्याचं पाऊल पाऊण मीटरचं होतं. ना कमी ना जास्त. दोन माणसं टेप घेऊन अर्धा दिवस जे रान मोजायची, ते हा बांधावरून फिरून येऊन सांगायचा. एकदा एका संचालकाच्या उसाची नोंद कागदावर पाच एकर होती. हा फिरून आला आणि म्हणाला, "साडेतीन हाय."

"नीट मोज बे," संचालक म्हणाले.

हा पुन्हा फिरून आला. "साडेतीनच हाय. ह्या टायमाला तर लई बारीक मोजलं."

तो एकोणीस वर्षांत कायम का झाला नाही, हे आता मला कुणी विचारू नये.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. जो काही ऊस उभा होता तो छावणीतल्या जनावरांनी खाल्ला. यंदा बॉयलर पेटत नाही, हे पोळ्यालाच कळून चुकलं. अशा वेळी सहकारातल्या माणसानं हातावर हात धरून बसायचं नसतं. आमच्या चेअरमनसाहेबांनी दुष्काळावर उपाय म्हणून हाफ मॅरेथॉन ठेवली. पाणी वाचवण्यासाठी. गावोगाव फलक लागले, त्यावर साहेब पांढऱ्या बुटात पळताना दिसत होते. गाडीपासून केबिनपर्यंत चालतानासुद्धा त्यांना कुणी फारसं पाहिलं नव्हतं, त्यामुळे लोक फलकापाशी थांबून बघायचे.

कामगारांनीही भाग घ्यावा म्हणून साहेबांनी जाहीर केलं की हंगामी माणसांतून जो पहिला येईल त्याला प्रमुख पाहुण्यांच्या हातून कायमची ऑर्डर. ती ऑर्डर मीच टाईप केली, नावाची जागा कोरी ठेवून.

आता गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो. आमच्या बीडमध्ये हंगाम बुडाला की माणूस कोयता घेतो आणि नवरा-बायको जोडीनं दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्याचा ऊस तोडायला जातात. त्या वर्षी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम याच्याही दारात येऊन बसला होता. कँटीनमध्ये तो मला म्हणाला, "सायेब, एकोणीस वरसं ज्या टोळ्यांना चिठ्ठ्या दिल्या, त्यांच्याच शेजारी कोयता घेऊन कसं हुबं ऱ्हावं? अन् घरचीचं गुडघं गेलेत. मोळी न्हाई उचलायची तिला."

"मग पळा की," मी म्हणालो.

"पळतो. चालून चालून हाडं तयारच हायत."

कायम झाला असता तर बॉयलर पेटो न पेटो, त्याचं नाव हजेरीवर राहिलं असतं आणि कोयता टळला असता. त्याला पळायला एवढं कारण होतं. बाकीच्यांना फुकटचा टी-शर्ट होता.

रस्ता मोजायचं काम साहजिकच त्याच्याकडं आलं. अंबाजोगाईहून आलेल्या क्रीडाशिक्षकांनी त्याला सांगितलं की हाफ मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर अठ्ठ्याण्णव मीटर. ते ऐकून त्याचा चेहरा असा काही उजळला की बघत राहावं. वरचे मीटर न सोडणारं जगात आपल्याशिवाय आणखी कुणी आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. कारखान्याच्या गेटापासून लिंबाच्या वस्तीपर्यंत एकशे चाळीस चिंचोके, म्हणजे साडेदहा किलोमीटर. तिथून वळून पुन्हा गेटापर्यंत तेवढेच. आणि अठ्ठ्याण्णव मीटर गेटाच्या आत, उसाच्या गाड्या तोलायच्या वजनकाट्यापाशी. तिथं त्यानं गुडघ्यावर बसून चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ ओढली आणि चेअरमनसाहेबांना बोलावून दाखवली. साहेब फोनवर होते. त्यांनी मान हलवली. त्याच्या लेखी तो ठराव होता.

आदल्या दिवशी मंडपवाला मला विचारायला आला, शेवटची कमान कुठं रोवायची. काट्यापाशी सावली नाही, पाहुण्यांच्या गाड्या वळायला जागा नाही. मी म्हणालो, साहेबांच्या शाळेच्या मैदानावर रोव, रस्त्याला लागून आहे, झाडंही आहेत.

"सायेब, ते लई अलीकडं येतंय," मंडपवाला म्हणाला.

"येऊ दे. कोण मोजतंय?"

हे मी म्हणालो. आमच्या कारखान्यात उभं राहून, मी. आणि त्याला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, सांगितलं असतं तर त्यानं कमान उपटायला लावली असती, म्हणून राहिलं.

शर्यतीच्या सकाळी पाहुण्यांवर धूळ उडू नये म्हणून शाळेच्या मैदानावर टँकरनं पाणी मारलं. मग गेटापाशी पाणी वाचवण्यावर भाषणं झाली. ती पळण्याआधी ठेवल्यामुळे काही स्पर्धक तिथंच दमले. टी-शर्ट सगळे एकाच मापाचे आले होते. अंबाजोगाईची डॉक्टरकीची पोरं त्यात बरी दिसत होती, आमचे हंगामी कामगार मात्र झबलं घातल्यासारखे. यानं तो टी-शर्ट पायजम्यावर घातला होता. चड्डी दिली तर म्हणाला, हिला खिसे न्हाईत.

शिट्टी वाजली. मी जीपमधून पुढं लिंबाच्या वस्तीवर गेलो, कारण वळणाच्या जागेवर स्पर्धकांसाठी पाण्याचा दुसरा टँकर लावला होता. तिथं पोचलो तर टँकरवाला चाकावर डोकं टेकून बसलेला. वस्तीचा सरकारी टँकर आठ दिवस आला नव्हता. रस्त्यावर उभा टँकर बघून बायकांना वाटलं, आला एकदाचा. हंडे, कळश्या, पिंपं, बाळाच्या अंघोळीचं घमेलं, सगळं भरून झालं होतं. पहिला स्पर्धक यायच्या आत वस्तीनं शर्यत जिंकली होती.

पायात भारी बूट घातलेल्या एका पोरानं धापा टाकत विचारलं, "पाण्याचा पॉइंट कुठंय?" एका म्हातारीनं त्याला ओट्यावर बसवलं, तांब्या दिला आणि काळजीनं विचारलं, "कोण लागलंय रे मागं?"

तेवढ्यात हा आला. खिशातले चिंचोके खुळखुळत होते, ते आधी ऐकू आलं. बायका याच्या ओळखीच्या. तो लिंबाला हात लावून वळता वळता ओरडला, "मावशे, पोरांना एकेक पेला द्या गं. पाणी त्यांच्याच नावाचं हाय." आणि मग खरोखर प्रत्येक घरातून पेले बाहेर आले. स्वतः मात्र तो थांबला नाही. हंगामी माणसांत तो सगळ्यांच्या पुढं होता. मागं गेटावरचा वॉचमन, तोही हंगामी, चांगला अर्धा किलोमीटर मागं. मी जीपमधून परत निघालो तेव्हा, खरं सांगतो, मनात त्याचं नाव ऑर्डरवर लिहूनही टाकलं होतं.

कमानीपाशी डॉक्टरकीची दहाबारा पोरं आधीच येऊन सावलीत केळी खात बसली होती. मी हातात घड्याळ आणि रजिस्टर घेऊन उभा. लांबून खुळखुळ ऐकू आली. ताशेवाल्यांनी ताशा धरला. तो आला, कमानीच्या तोंडाशी आला, आणि कमान डावीकडं सोडून सरळ रस्त्यानं पुढं निघाला.

"अहो, इकडं," मी ओरडलो. "कमानीतून या."

"रेघ काट्यापाशी हाय," तो पळता पळताच म्हणाला. केळी खाणाऱ्या पोरांकडं बघून त्याला कळवळा आला. हात हलवून त्यांना म्हणाला, "अरं बाबांनो, उठा. अजून हाय. अजून हाय. बाद व्हताल."

पोरं हसली. मीही हसलो. तो रस्त्यानं लहान होत गेला. थोड्याच वेळात वॉचमन धापा टाकत आला आणि कमानीतून आत शिरला. बिचारा इमानानं पळाला होता, त्याला दोष देऊ नका.

पाहुण्यांना पुढं कडा गावात कार्यक्रम होता, घाई होती. चेअरमनसाहेबांनी स्टेजवरून विचारलं, "हंगामीत पहिला कोण, टाइमकीपर?"

आता बघा. माझ्या डोळ्यांदेखत तो वॉचमनच्या आधी इथून गेला होता. एवढं म्हणायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मग साहेबांनी विचारलं असतं, गेला म्हणजे कुठं गेला? आणि कमान चुकीच्या जागी आहे, ती मी रोवायला लावली, हे मला पाहुण्यांसमोर सांगावं लागलं असतं. मी कायम माणूस होतो. मी कोऱ्या जागेत वॉचमनचं नाव लिहिलं आणि रजिस्टरात याच्या नावापुढं लिहिलं, 'स्पर्धा अपूर्ण'.

तो चालत परत आला तेव्हा मंडपवाला खुर्च्या रचत होता. घामानं टी-शर्ट अंगाला चिकटला होता, पायजम्यावर फक्की उडाली होती. तो खूश होता. आधी मला म्हणाला, "एकजण न्हाई आला काट्यापर्यंत. समदे बाद. ऑर्डर कुठंय?"

मी सांगितलं.

त्यानं कमानीकडं हात केला. मग म्हणाला, "इथून काटा बारा चिंचोके अन् ऐंशी पावलं हाय, सायेब. नऊशे साठ मीटर कमी. उगं सांगत न्हाई, मोजलंय."

"अहो, कमान दिसत होती ना समोर," मी चिडूनच म्हणालो. आपली चूक असली की माणसाला चीड लवकर येते.

"दिसली की. मला वाटलं, भाषणाची आसंल." मग तो खाली बसला, बुटाची नाडी सोडली आणि वर न बघता विचारलं, "मग मला मोजायला कशापायी लावलं?"

त्या दिवशी तीनशे लोकांना एकवीस किलोमीटर अठ्ठ्याण्णव मीटरची प्रमाणपत्रं वाटली, सगळ्यांवर सही माझी. तेवढं अंतर खरोखर पळालेला माणूस एकच होता, आणि त्याचं प्रमाणपत्र माझ्या खणात राहिलं.

दिवाळी झाली आणि टोळ्यांचे ट्रक निघाले. त्यातला एक आमच्या गेटासमोर थांबला होता. भांडी, गोधड्या, शेळी, आणि त्या सगळ्यावर हा बायकोला घेऊन बसलेला. मी खालून विचारलं, "किती लांब जायचंय?" त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "न्हाई मोजलं." एकोणीस वर्षांत त्याच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं आणि तिथून सरळ घरी गेलो.

पुढं पाऊस झाला, बॉयलर पेटला. मी निरोप पाठवला, तो आला नाही. तिसऱ्या वर्षी तिकडंच फडातून रस्त्यावर मोळी नेताना छातीत कळ आली आणि जागेवर गेला. बायकोची मोळीही तोच उचलायचा, असं टोळीतले लोक सांगत होते. मातीला मी गेलो होतो. कारखान्यातून दुसरं कुणी आलं नव्हतं.

मॅरेथॉन मात्र दर वर्षी होते. चांगलं काम थांबत नाही. कमान तिथंच, प्रमाणपत्रं तीच, सही माझी. परवाच्या वर्षी काही पोरं मनगटावर अंतर दाखवणारी घड्याळं लावून आली आणि शर्यत संपल्यावर थेट चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये शिरली. सगळ्यांच्या घड्याळात तेच. वीस किलोमीटर एकशे अडतीस मीटर.

साहेबांनी मला बोलावलं. "टाइमकीपर, हे नऊशे साठ मीटर कमी भरतंय म्हणतात. पहिल्या वर्षी आपण रस्ता मोजला होता ना?"

"मोजला होता, साहेब. मोजणाऱ्यानं तेव्हाच सांगितलं होतं. अगदी हाच आकडा. कमान मी हलवली."

साहेबांनी मान हलवली. ते फोनवर नंबर शोधत होते. "कोण होता तो मोजणारा?"

"आपला स्लिपबॉय. चिंचोकेवाला."

"हां हां, तो. पक्का माणूस होता." साहेबांनी फोन कानाला लावला आणि हातानं मला दार दाखवत म्हणाले, "मग बसलात काय? बोलवा त्याला. परत मोजून घेऊ."

मी "हो" म्हणालो आणि बाहेर आलो.