माय न बघता घेतलेला मासा

आमच्याकडं वासरू घ्यायचं तर आधी त्याची माय बघतात. बांधा कसा, कास कशी, स्वभाव मारका का गरीब, हे बघितल्याबिगर माझ्या वडिलांनी कधी दावणीला जनावर बांधलं नाही. माझं माहेर बदनापूरकडचं, सासरही शेतीवाल्यांचंच. पण माणूस जालन्यात आला, नोकरी करून रिटायर झाला, की त्याची अक्कल बहुतेक ऑफिसातच जमा करून घेत असावेत. कारण नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक मासा आणला आणि त्याची माय काही विचारली नाही.

तेव्हा वास्तूचं वारं सुटलं होतं. ज्याच्या त्याच्या बैठकीत काचेची पेटी. आम्ही माळकरी. मासा ताटात चालत नाही पण बैठकीत चालतो, हे ज्ञान मला त्या वर्षी झालं. आमच्या पेटीत चार रंगीत मासे होते आणि एक बोटाएवढा चंदेरी. दुकानदार त्याला शार्क म्हणायचा. त्यानं ह्यांना आणखी एक गोष्ट सांगितली होती: मासा मेला तर वाईट वाटून घ्यायचं नाही, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं असं समजायचं आणि दुसरा न्यायचा. धंदा असावा तर असा. माल खराब निघाला तर गिऱ्हाइकानंच हात जोडायचे.

आमच्या चारही रंगीत माशांनी दोन महिन्यांत चार संकटं घेतली. हे मोठ्या भक्तीनं सांगत फिरले. मी एका सकाळी बघितलं तर चौथ्याची शेपटी त्या चंदेरीच्या तोंडातून बाहेर लोंबत होती. म्हटलं, हेच का ते संकट.

हा मात्र मरेना. वाढत गेला. कणकेच्या गोळ्या मीच टाकायची, त्यामुळं मी नुसती पेटीसमोर आले तरी हा काचेला तोंड लावायचा. नातेवाइकांत सुद्धा इतकी ओळख कुणी दाखवत नाही. दुकानदाराला विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, मोठी पेटी घ्या. घेतली. पुन्हा विचारलं, आणखी मोठी घ्या. तीही घेतली. त्याच्यापुढची आमच्या दारातून आत येत नव्हती. घर मोठं घ्या एवढं म्हणायचं त्यानं बाकी ठेवलं, उपकारच झाले.

तिसऱ्या वर्षी मासा हातभर झाला. पेटीचं पाणी बदलायला बादल्यावर बादल्या, आणि जालन्यात नळ आठ दिवसांनी. मग ह्यांनी डोकं लढवलं. मलेरियावाले डासांसाठी घरोघरच्या हौदात गप्पी मासे सोडून गेले होते. छोटे मासे सरकार स्वतः सोडतं, तर मोठा सोडला की जास्तच फायदा, असा हिशेब करून ह्यांनी शार्क हौदात सोडला. दोन दिवसांत एक गप्पी शिल्लक राहिला नाही. डासांनी आमच्या घराला दुवा दिली असेल.

पुढं उन्हाळा लागला आणि आठचे दहा, दहाचे तेरा दिवस झाले तरी नळ आला नाही. पिण्याचं पाणी हंड्यांत वेगळं होतं, पण बाकी सगळं त्या हौदावर. धुणं मी बंद केलं. ह्यांची आंघोळ तांब्यावर आणली. तरी एक बादली उपसली की माशाची पाठ उघडी पडायची. शेवटी वीतभर पाण्यात तो एका अंगावर पडून कल्ले हलवत राहिला. मी वाकून बघितलं तर तोंड वर केलं. त्याला वाटलं, गोळ्या आल्या.

हे म्हणाले, "मेला तर आपल्यावरचं संकट जाईल."

"अहो, संकट त्याच्यावर आलंय," मी म्हटलं. "त्याचं कोण अंगावर घेणार?"

आंघोळीचं जुनं घंगाळ काढलं, होतं नव्हतं ते पाणी ओतलं, वरून ओलं पोतं झाकलं आणि रिक्षा करून थेट दुकान गाठलं. ह्यांना घरीच ठेवलं. दुकानदारानं पोतं उचलून बघितलं.

"मावशी, विकलेला माल आम्ही वापस घेत न्हाई. अन हा तर खायचा मासा हाय. बाजारात दिला तर जल्दी उठंल."

तीन वर्षं कणीक मळली होती मी त्याच्यासाठी. "खायचा होता, तर शोभेचा म्हणून कसा दिला?"

"लहानपणी शोभेचाच असतोय की."

मी त्याचंच स्टूल ओढून घंगाळाशेजारी बसले. थोड्या वेळानं जाफराबादकडची एक बाई आली, नवं घर बांधलं होतं तिनं. बोटाएवढा चंदेरी मासा पसंत करून राहिली होती. मी विचारलं, "बाई, तुमच्याकडं नळ किती दिवसांनी येतो?" ती म्हणाली, आठ. मी पोतं बाजूला केलं. म्हटलं, "हा घ्या, तुमचाच. तीन वर्षांनंतरचा."

बाई पिशवी घडी करून निघून गेली. तिच्यामागून आलेले दोघंही गेले. तेव्हा कुठं दुकानदारानं दर्शनी भागातली सगळ्यात मोठी पेटी रिकामी केली. मी म्हटलं, पिल्लं ह्याच्या बाजूलाच ठेव, घेणाऱ्याला माय दिसू दे. आपण जिंकलो अशा थाटात रिकामं घंगाळ घेऊन मी घरी आले.

आठवड्यानं कणकेच्या गोळ्या घेऊन गेले, तर पेटीला हार. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता, बघा कसा वाढला, तुमचं घर बी असंच वाढंल. राजूरचा एक गृहस्थ दोन पिल्लं घेऊन गेला.

आणि मासा? जगला. पण वळायचं म्हटलं की शेपूट काचेला घासून, अंग दुमडून वळायचा.

विकूच नका असं मी म्हणत नाही. आमचे बैलबाजारातले दलाल काही संत नव्हते, तरी लपवून काही विकायचं तर त्यांना मेहनत करावी लागायची. इथं नुसतं गप्प बसलं की झालं.

तेव्हापासून दर आठवड्याला मी गोळ्या टाकायला जाऊ लागले, आणि गोळ्या संपल्या तरी स्टुलावर बसून राहू लागले. येईल त्याला एकच विचारायचं, नळ किती दिवसांनी येतो. दुकानदार मला बघितलं की लगेच चहा मागवायचा, कपाला तोंड लागलं की ही बोलणार नाही या आशेनं. मी चहा बशीत ओतून झटक्यात संपवायची.