खंडेनवमीची प्रत

वडनेर भोलजीच्या उकंडरावांनी महामाया तायडेला पहिल्या दिवशी चहासुद्धा विचारला नव्हता. नऊ वर्षं झाली त्याला. ती सुलतानपूरच्या भाऊरावांची मुलगी, खामगावला कॉम्प्युटरचं शिकून नांदुऱ्यात राहणारी, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. हे मिरची-टमाट्याची रोपं विकणारे, साठीला टेकलेले आणि कुणाचंही सहजासहजी न ऐकणारे. तिने सांगितलं, की शेगावच्या हर्षलभाऊंनी 'रोपनोंद' नावाचं सॉफ्टवेअर केलंय. कोणत्या पाकिटातलं बी कोणत्या ट्रेमध्ये पडलं, ते रोप पुढे कोणत्या शेतकऱ्याने नेलं, सगळं त्यात राहतं. उद्या कुणाच्या मिरचीला फळच धरलं नाही, तर बी कोणत्या लॉटचं होतं ते लगेच सापडतं.

उकंडरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "उद्या तुमची कंपनीच बसली, त त्या डब्ब्यातून आमची नोंद कोन काढून देईन?"

याचं उत्तर तिला नोकरीत कुणी शिकवलेलं नव्हतं. "मी देईन काका," ती बोलून गेली.

"शब्द?"

"शब्द."

पुढच्या वर्षी खंडेनवमीला ती आपण होऊन आली. घरात फवारणीचा पंप, वजनकाटा, खुरपी, विळे धुऊन पुसून पाटावर मांडले होते. तिने वर्षभराची नोंद पेन ड्राइव्हवर उतरवली, कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशा साध्या तक्त्यात, आणि उकंडरावांच्या हातात ठेवली. त्यांनी ती पंपाशेजारी मांडली. अंबूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या पेन ड्राइव्हवरही हळदकुंकू वाहिलं. महामाया बौद्ध घरातली. ती पूजेला हात जोडायची नाही, आणि कुणी तिला जोड म्हणायचंही नाही. बाजेवर बसून ती चहा प्यायची, अंबूबाई तिला जाताना मिरचीची चार रोपं कागदात गुंडाळून द्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पांढरी साडी नेसून ती विहारात जायची.

ही रीत गावोगाव पसरली. एकाने घेतली की दुसऱ्याला हवीच. आधीच्या आठवड्यापासून ती स्कुटीवर फिरायची, तेव्हा कुठे नवमीपर्यंत एकेचाळीस रोपवाटिका व्हायच्या. लोक सॉफ्टवेअरचं नाव विसरले, 'महामायाचं मशीन' म्हणू लागले. हर्षलला ते खटकायचं, पण धंदा वाढत होता म्हणून तो हसायचा.

त्या नोंदीत 'शेरा' नावाचा एक रकाना होता आणि खरी गंमत त्यात होती. अंबूबाई तोंडाने सांगायच्या, महामाया टाइप करायची. अमक्याच्या विहिरीचं पाणी खारं, त्याला कोवळं रोप देऊ नये. तमक्याने दोन वर्षं वांग्यावर वांगंच लावलंय, यंदा समजावून पाहावं. एका शेऱ्यात तर एवढंच होतं, 'याले सकाळी फोन करू नये, चिडते.' नऊ वर्षांत अशा साडेतीन-चार हजार ओळी झाल्या होत्या. उकंडरावांची रोपं इतरांपेक्षा जास्त जगतात असं लोक म्हणत. त्यामागे कुठलीही जादू नव्हती, हा रकाना होता.

यंदा ऑगस्टमध्ये हर्षलने कंपनी विकली. मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीला. त्याने महामायाला शेगावात बोलावून पेढा दिला. "तुयी नोकरी पक्की हाये. मी बोलून घेतलं."

"आणि खंडेनवमीची प्रत?"

"ते राहीनच न."

माणूस 'राहीलच ना' म्हणतो तेव्हा त्याने विचारलेलं नसतं, हे पक्कं समजावं. महामायालाही ते समजलं, पण तिने पेढा खाल्ला. त्या पेढ्याचा तिला पुढे फार राग आला.

मग सगळ्या ग्राहकांच्या मोबाइलवर 'आनंदाची बातमी' येऊन धडकली. मदतीचा नंबर बदलला. त्यावर फोन केला, की हिंदीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी सात दाबा, आणि शेवटी कुणीतरी तक्रारीचा आठ आकडी क्रमांक हातावर टेकवायचं. नवं अ‍ॅप दिसायला देखणं होतं. पण त्यात 'शेरा' आला नव्हता, आणि 'प्रत काढा' हे बटणच नव्हतं. लोकांनी सात दाबायचं सोडून दिलं आणि महामायाला फोन लावला. "तू हायेस न?" एवढंच विचारायचे. ती म्हणायची, "हाव, मी हाये."

कंपनीलाही हे ठाऊक होतं. तिला नवं ओळखपत्र आलं, पद 'ग्राहक विश्वास प्रतिनिधी'. कुलदीप नावाचे तिचे नवे साहेब फोनवर गोड बोलले. "लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात, तेच आपलं भांडवल. पंधरा ऑक्टोबरच्या आत एकेचाळीस जणांकडून नव्या अटी मान्य करून घ्या. ओटीपी आला की टाकायचा, दोन मिनिटांचं काम. त्यानंतर जुनी 'रोपनोंद' बंद होईल."

तिने ईमेल करून प्रतीचं विचारलं. तीन ओळींचं उत्तर आलं. नोंदी कंपनीकडे सुरक्षित आहेत, वेगळी प्रत देण्याची सोय नव्या योजनेत नाही.

पहिल्यांदा ती वडनेरलाच गेली. उकंडराव ट्रेवर पाणी मारत होते. तिने मोबाइलवर अर्ज उघडला, त्यांचा नंबर घातला. त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी ओला हात धोतराला पुसला, फोन काढला आणि न बघताच तिच्यापुढे धरला. "घे, टाक काय टाकाचं ते."

महामायाचा अंगठा वरच्या वर थांबला. ज्याने नऊ वर्षांपूर्वी तिला ओट्यावर उभं ठेवून उलटतपासणी घेतली होती, तोच माणूस आज डोळे मिटून फोन देत होता. कंपनीने हर्षलकडून काय विकत घेतलं ते तिला त्या क्षणी कळलं. सॉफ्टवेअर तर कुणीही लिहिलं असतं. हा पुढे आलेला हात विकला गेला होता, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिला लाज वाटली.

"काका, आधी ऐका," ती म्हणाली, आणि तिने अटी वाचल्या. मराठीत सांगत सांगत, एकेक. कंपनी नोंदीची प्रत देण्यास बांधील नाही, या कलमाशी उकंडरावांनी नळी खाली ठेवली.

"म्हंजे आमची नोंद आमाले मांगा लागन?"

"हाव."

"मंग तू काऊन घेऊन राह्यली माया अंगठा?"

तिने अर्ज मिटवला. जुन्या 'रोपनोंद'मध्ये प्रत काढायचा अधिकार तिच्या पासवर्डला अजून होता. "काका, आजच तुमची प्रत काढून देतो," ती म्हणाली.

पण उकंडरावांनी मान हलवली. "आज नाही. प्रत खंडेनवमीले असते. आधी बाकीच्यायचं कर, मी घरचा मानूस हावो." खंडेनवमी पंधरा तारखेच्या आधीच होती, रीत मोडायची कशाला, असं तिलाही वाटलं. तिथेच दोघं चुकले.

पुढचे तेरा दिवस ती पायाला भिंगरी लावून फिरली. आधी प्रत हातात द्यायची, मग अटी वाचून दाखवायच्या, मग म्हणायचं, आता तुम्ही ठरवा. दोघांनी समजून-उमजून मान्यही केल्या, ती त्यांची मर्जी. बाकीच्यांनी 'पाहू' म्हटलं. आणि हे तिने लपवून केलं नाही. कुलदीपसाहेबांना स्वतःच लिहून कळवलं.

साहेबांचा आवाज आता गोड नव्हता. "तुम्ही पगार कुणाचा घेता, मॅडम?"

"तुमचा. पण लोकांना शब्द मी दिला होता."

"असा कुठलाही शब्द खरेदीच्या करारात नाही."

"मग तो तुमच्याकडे आलाच नाही साहेब. तो माझाच आहे."

खंडेनवमीच्या सकाळी चाळीस प्रती झाल्या होत्या. एकेचाळिसावी तेवढी राहिली होती. वडनेरला पाट मांडलेला, पंप चकाचक. महामायाने कॉम्प्युटर लावला, पासवर्ड टाकला. नाकारला. पुन्हा टाकला. नाकारला. उकंडरावांच्या नावाने उघडून पाहिलं, तर पडद्यावर एकच चौकट, 'नव्या अटी मान्य करा', आणि तिच्यामागे सगळं बंद. पंधरा तारखेची वाटही न पाहता कंपनीने कुलूप घातलं होतं.

ती खुर्चीत बसून राहिली. चाळीस जणांना दिलेला शब्द पाळला, आणि ज्याला पहिल्यांदा दिला तोच राहिला. तिचे डोळे भरून आले. "काका, मी चुकलो. त्याच दिवशी काढाले पायजे होती."

उकंडराव पडद्याकडे बघत होते. "ते बटन दाबलं त उघडते का?"

"उघडते. पन शेरा नसन, आन् प्रतही नाही."

"मंग नाही दाबत," ते म्हणाले, आणि विषय संपला.

अंबूबाई मात्र देवघराकडे गेल्या. तिथल्या कप्प्यातून त्यांनी एक पितळी डबी आणली आणि बाजेवर पालथी केली. आठ पेन ड्राइव्ह. आठ वर्षांचे, ओळीने पुजलेले. पुजलेली वस्तू कामाला काढायची कशी, म्हणून त्यांनी एकही कधी कॉम्प्युटरला लावू दिला नव्हता. सगळ्यांच्या तोंडात हळदकुंकू गच्च बसलेलं. महामाया रडता रडता हसली. ट्रे झाडायचा बारीक ब्रश घेऊन तिने एकेक तोंड साफ केलं, फुंकलं, लावलं. सात उघडले. आठव्यानेही बऱ्याच विनवण्यांनंतर तोंड उघडलं.

राहिलं यंदाचं वर्ष. अंबूबाईंनी बियाण्याची रिकामी पाकिटं भरलेलं पोतं ओढत आणलं. त्या एकही पाकीट फेकत नसत आणि प्रत्येकावर लॉट नंबर होताच. "लिही," त्या म्हणाल्या. कोणतं बी कधी पेरलं, कुणी नेलं, त्याचं पाणी कसं, त्याचा स्वभाव कसा, त्या सांगत गेल्या. उकंडराव मोबाइलमधून नंबर सांगत होते. महामाया वहीत लिहीत होती. मध्येच कंपनीचा फोन आला. तिने तो उचलला, "उद्यापासून येऊ नका" हे ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं आणि पुढचं पाकीट हातात घेतलं. उन्हं कलली तेव्हा तीनशे बारावी ओळ लिहून झाली.

तिने वही दोन्ही हातांनी उकंडरावांना दिली. त्यांनी ती पंपाशेजारी ठेवली आणि पूजा उरकली. अंबूबाईंनी चहा आणला, कागदात मिरचीची चार रोपं आणली.

"आता कोन्या कंपनीची हायेस तू?" उकंडरावांनी विचारलं.

"कोन्याच नाही."

"मंग दुसरं कोनतं मशीन चांगलं असन, ते पाहून सांग आमाले. तू सांगशीन तेच घेऊ." त्यांनी बशीतला चहा संपवला. "पन आता तू जरी आनलं, तरी आधी मले सगळं वाचून दाखव."

महामायाच्या काळजाला ते लागलं. मग तिने रोपं पिशवीत नीट उभी ठेवली आणि म्हणाली, "हाव काका. वाचूनच दाखवीन."