दोन अंकांवरची लेक

पडदेकाकांनी उभं आयुष्य नाट्यगृहाचा पडदा ओढण्यात घालवलं, पण समोर बसून एकही नाटक पाहिलं नाही. विंगेत दोरी धरून उभ्या माणसाला दिसतात त्या नटांच्या पाठी आणि राजाच्या अंगरख्याची ठिगळं. वेळ मोजायची ती अंकांत. चहाला एक प्रवेश, दाढीला मध्यंतर. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही.

धाकट्या लेकीने परक्या शहरात आपलं लग्न आपणच जमवलं होतं. थोरल्या मुलाला ते पसंत नव्हतं. तिचा फोन येऊन आठवडा झाला होता, पण पठ्ठ्याने बातमी पोटात ठेवली आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, बूट काढता काढता सांगितली.

"उद्या दुपारी आहे म्हणे, नोंदणी कचेरीत. बसने दोन दिवस लागतात, बाबा. आता काय करणार!"

जे त्याला तोंडाने सांगायचं नव्हतं, ते त्याने अंतराच्या तोंडून वदवलं. काकांच्या ते लगेच ध्यानात आलं.

"आणि विमानाने?"

थोरला दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागला. स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली, "दोन तास."

"तू मध्ये बोलू नकोस! बाबा, या वयात विमान? गुडघे बघा तुमचे!"

"गुडघे बसूनच जाणार आहेत. विमान काय मला ओढायचंय?" काका उठून उभे राहिले. "दोन तास म्हणजे दोन अंक. माझी लेक दोन अंकांवर उभी आहे आणि तू मला दोन दिवस सांगतोस?"

"मी तुम्हाला सोडायला येणार नाही."

"नको येऊस. तिकीट काढ, नाहीतर वाट सोड."

सूनबाईने पदराला हात पुसून फोन हातात घेतलाही होता.

सकाळी विमान धावपट्टीवर आलं. आतले दिवे मंद झाले, कुजबुज थांबली आणि समोर, खाण्यापिण्याच्या सामानाच्या कोपऱ्याला, निळा पडदा दिसला. काकांचा हात आपोआप कमरेच्या पट्ट्याकडे गेला. तो सोडून ते ताडकन उठले आणि पडद्यापाशी जाऊन दोरी चाचपू लागले.

हवाई सुंदरी धावली. "काका, बसा! काय करताय?"

"अहो, दिवे उतरले! पडदा कोण उघडणार?"

अख्खं विमान खदखदून हसलं. "हसा लेको," काका पट्टा बांधत म्हणाले, "वेळेवर पडदा उघडला नाही तर नटाचं काय होतं, ते तुम्हाला काय माहीत!" मग खिडकीतून ढग पाहत ते पहिल्यांदाच प्रेक्षकासारखे बसून राहिले. दुसरा अंक संपायच्या आत शहर खाली दिसू लागलं.

कचेरीच्या दारात धाकटी साध्या साडीत उभी होती. त्यांना पाहून तिच्या हातातली पिशवीच गळून पडली.

"बाबा! दादा म्हणाला, तुम्हाला पोचणं शक्यच नाही."

"तुझ्या दादाला बसचं वेळापत्रक पाठ आहे. बाप पाठ नाही."

आत साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मुलाकडची माणसं भिंतीला लागून उभी होती.

"मुलीकडून कोण?"

काका नेहमीप्रमाणे दारामागे, अंधाऱ्या बाजूला उभे होते. आयुष्यभर दुसऱ्यांना पुढे पाठवणारा तो माणूस दोन पावलं टाकून खोलीच्या मध्यभागी आला.

"मी! बाप आहे तिचा!"

आवाज असा लागला की बाहेरच्या बाकावरचे लोकही उठून उभे राहिले.